आमच्या लुथरन मंडळीनं पुढं काय करायचं? (बेळगाव) सल्ला द्या, भांडलात तरी चालेल

कॅम्पातला
नमस्कार. विषय तसा आमच्या घरचाच आहे, पण इथं सीमाभागातली जाणती माणसं वाचतात म्हणून धागा काढूलालोय. आमची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, लुथरन, मार्टिन लुथरच्या पंथाची. बेळगावात लुथरन म्हटलं की निम्मे लोक विचारतात हे कुठलं नवीन काढलंत, कारण इथं जुनं काम लंडन मिशनचं, मग मेथडिस्टांचं, शिवाय कॅथलिक आहेत, कॅम्पातलं सेंट मेरी आहे. आम्ही मागाहून आलेले. गुंटूरकडची रेल्वेतली घरं, अंबूरकडची दोनचार, मिलिटरीतनं रिटायर होऊन इथंच राहिलेले झारखंडचे, उद्यमबागच्या फौंड्रीत लागलेली पोरं आणि आमच्यासारखी इथलीच मराठी घरं. सगळी मिळून पस्तीसचाळीस. उपासना मराठीत, महिन्यातनं एकदा तेलुगूत, आणि पोरं आपापसात कन्नडमिश्रित काय बोलतात ते त्यांनाच ठाऊक.

झालंय असं की मंडळीतल्या एक मावशी गेल्या, मूलबाळ नव्हतं, घराचा हिस्सा मंडळीला देऊन गेल्या. विकून काही लाख आलेत. आता प्रत्येकाला स्वप्नं पडूलालेत. ज्येष्ठ म्हणतात पत्रे काढून स्लॅब टाका, कंपाउंड बांधा. काहीजण म्हणतात मैदान घेऊन तीन दिवसांचं कन्व्हेन्शन करू, मोठा वक्ता आणू. पोरांना साउंड सिस्टिम पाहिजे, बाहेरगावी गेलेल्यांना उपासनेचं लाइव्ह स्ट्रीम. बायकांच्या संगतीनं सांगितलंय वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासवर्ग काढा, आणि ते एकट्या त्यांनीच कागदावर लिहून दिलंय, बाकी सगळं तोंडी. पाळकसाहेब म्हणाले पैशाचं नंतर बघू, आधी पुढची पाच वर्षं ही मंडळी कुणासाठी आहे ते ठरवा. मी सेक्रेटरी, म्हणून मसुदा माझ्या गळ्यात. बोला.

निप्पाणीकर
आधी पत्रा बघा ओ. जूनमध्ये उपासनेत बादल्या लावायला लागत असतील तर कुणाचं भविष्य आणि काय.

बाकी बायकांच्या संगतीचं ऐका. आमच्याकडं निप्पाणीत विड्या वळणाऱ्या बायकांच्या गल्लीत कुणीही सेवा करायला आलं की पहिल्यांदा शिलाई मशीन घेऊन येतं. मशीनं पडून आहेत. त्या बायांना पाहिजे असतं कागदाचं काम. सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे दोन हजार दोन महिने आले नाहीत तर का आले नाहीत हे कुणी सांगत नाही, आधार जोडलेलं नाही की रेशनकार्डावर घरची मुख्य म्हणून सासूचं नाव आहे की बँकेत केवायसी अडकलंय. मेसेज येतो कन्नडमध्ये, बाई वाचणार मराठी. एक पोरगा लॅपटॉप घेऊन आठवड्यातनं एक संध्याकाळ बसला तरी गल्ली दुवा देईल.

जुना_मेथडिस्ट
तुमच्या शेजारच्या मंडळीतला म्हातारा म्हणून दोन शब्द. बेळगावात लंडन मिशन १८२० ला आलं. मैदानावरच्या सभा त्यांनीही केल्या, बाजारात उभं राहून प्रवचनं दिली, दगडही खाल्ले असतील. पण आज गावाला त्यांचं आठवतं काय, तर शाळा. त्यांच्या बेनन स्मिथ शाळेत शिकलेली माणसं तुम्हाला प्रत्येक गल्लीत सापडतील आणि त्यातली बहुतेक ख्रिस्ती नाहीत. बाबा पदमनजी १८३१ साली बेळगावात जन्मले, इथल्या मिशन शाळेत शिकले, आणि १८५४ मध्ये इथंच बाप्तिस्मा घेतला. मराठी ख्रिस्ती साहित्याचा एवढा मोठा माणूस या गावानं दिला, आणि आमच्या संडे स्कूलच्या पोरांना नाव विचारलं तर गप्प.

म्हणजे मसुद्यात शाळा हा शब्द आला तर मला आनंद आहे. नवी शाळा काढायची कुवत तुमची नाही, आमचीही नाही आता. पण एक खोली आणि एक मास्तर एवढं जमतं.

सुवार्तिक_बंधू
सगळं बरोबर, पण मला एक सांगा. फॉर्म भरून द्यायला सरकारचं ग्रामवन केंद्र आहे, अभ्यासाला ट्यूशन आहेत, मग मंडळी कशाला पाहिजे? मत्तय २८ मध्ये प्रभूनं जा आणि शिष्य करा असं सांगितलंय, जा आणि फॉर्म भरा असं नाही. रोमकरांस पत्रात पौल विचारतो की घोषणा करणारा नसेल तर ऐकणार कसे. कन्व्हेन्शनला लोक नाकं मुरडतात पण माझं स्वतःचं जीवन अशाच एका सभेत बदललं, दारू सुटली. आपण समाजसेवा समाजसेवा करत बसलो तर पंचवीस वर्षांनी मंडळीचा क्लब झालेला असेल, सभासदांची यादी आणि वार्षिक जेवण.

कॅम्पातला
बंधू, दारू सुटली त्याचा आनंदच आहे आणि तुमचा मुद्दा मसुद्यात घेतोय. क्लबची भीती मलाही आहे. आमच्या वार्षिक सभेत आराखड्यावर वीस मिनिटं बोलणं झालं आणि जेवणात बिर्याणी की पुरी-भाजी यावर पाऊण तास.

वाटसरू
मी ख्रिश्चन नाही. तुमच्या प्रार्थनास्थळापासून दोन गल्ल्यांवर राहतो बहुतेक, कारण वर्णन जुळतंय. राग नका मानू पण सरळ विचारतो. अभ्यासवर्ग, फॉर्म, औषधं हे सगळं शेवटी कशाकडं जातं हे आम्हाला माहीत आहे असं लोक म्हणतात. गल्लीत बोलतात. माझी पोरगी तुमच्या वर्गाला आली तर दोन महिन्यांनी घरी येऊन काय म्हणेल?

वकीलबुवा
वाटसरूंचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर मंडळीकडं लेखी तयार पाहिजे, म्हणून जरा लांबण लावतो.

कर्नाटकचा धर्मांतराचा कायदा विधानसभेत मंजूर झाला तो आपल्याच बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधमध्ये, डिसेंबर २०२१ च्या अधिवेशनात. पुढं मे २०२२ मध्ये अध्यादेश आला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये विधान परिषदेत पास होऊन कायदा झाला. त्यात आमिषाची व्याख्या फार रुंद आहे. भेटवस्तू, पैसे, नोकरी, धार्मिक संस्थेच्या शाळेत फुकट शिक्षण, चांगल्या राहणीमानाचं आश्वासन, सगळं त्यात बसतं. शिक्षा तीन ते पाच वर्षं, आणि समोरची व्यक्ती अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जातीजमातीची असेल तर तीन ते दहा. जून २०२३ मध्ये नव्या मंत्रिमंडळानं कायदा मागे घ्यायचं ठरवलं अशी बातमी सगळ्यांनी वाचली, पण त्या बातमीच्या भरवशावर कुणी वर्ग सुरू करू नये एवढाच माझा सल्ला. फुकट शिकवणी हा शब्द कागदावर दिसला की पुढचा माणूस काय वाचेल याचा विचार करा.

तेव्हा वर्गात प्रार्थना नको, पत्रकं नकोत, पालकांची सही घेतलेला साधा कागद ठेवा, वर्गाचं दार उघडं असू द्या आणि शिकवणाऱ्यांत एकतरी बिगर ख्रिस्ती शिक्षक असू द्या. नाममात्र फी घ्या, महिना दहावीस रुपये, पावती फाडून.

दुसरं, कुणीतरी इथं विचारण्याआधीच सांगतो. बाहेरच्या देशातले कुणी ओळखीचे पाहुणे पैसे पाठवतो म्हणाले तर खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर घेऊ नका. परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी लागते, २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्याच खात्यावर यावा लागतो, आणि नोंदणी असलेल्या एका संस्थेनं दुसऱ्याला तो पुढं देणंही बंद झालंय. प्रेमानं दिलेले पैसे म्हणून सुटका होत नाही.

आंध्राचा_जावई
वकीलसाहेबांनी कायद्याच्या बाजूनं सांगितलं ते मी लुथरन बाजूनं सांगतो. मी मूळचा शहापूरचा, बायको गुंटूरची, म्हणून लुथरन झालो आणि तिखटही खायला शिकलो.

लुथर १५१७ मध्ये भांडला कशावरून? पैसे घेऊन क्षमेच्या चिठ्ठ्या विकण्यावरून. देवाची कृपा विकत मिळत नाही, फुकट मिळते, हा आमच्या अख्ख्या पंथाचा पाया. आता मला सांगा, आम्ही कृपा फुकट म्हणतो आणि वह्या वाटताना रविवारी येणार का म्हणून नाव लिहून घेतो, तर फरक काय राहिला? वही दिली की ती दिली. पोरगं आलं, शिकलं, गेलं, परत तोंड दाखवलं नाही, तरी हिशेब पुरा झाला. सत्कर्मांनी आपला उद्धार होत नाही हे आपण कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरांत, घोकतो, मग ती सत्कर्मं कुणाच्या उपयोगाची, तर शेजाऱ्याच्या. वाटसरू तुमचे शेजारी आहेत, त्यांच्या पोरीला कन्नड वाचता आलं पाहिजे, एवढ्यावर थांबायची तयारी असेल तरच वर्ग काढा, नाहीतर खरंच स्लॅब टाका, निदान सावली होईल.

सुवार्तिक बंधू, तुमच्या घोषणेला माझा विरोध नाही. देवळात, आपल्या मंडपात, आपलं नाव सांगून, मोठ्यानं करा. वर्गाच्या आडून करू नका एवढंच.

वाटसरू
हे उत्तर पटलं. तुमच्या मंडळीत सगळे असाच विचार करतात का हा पुढचा प्रश्न.

आंध्राचा_जावई
नाही करत. म्हणून तर धागा आहे.

सुवार्तिक_बंधू
जावईबापू, आडून कुणीच करा म्हणत नाही. पण माणसानं विचारलं की तुम्ही हे का करता, तर उत्तर द्यायचं की नाही? तेवढं तरी मसुद्यात लिहा.

कॅम्पातला
विचारलं तर उत्तर द्यायचं, नाही विचारलं तर शिकवत राहायचं. लिहून घेतलं.

खानापूरची_अक्का
मी शिक्षिका होते, आता रिटायर. तुमचा अभ्यासवर्ग म्हणजे नक्की काय हे कुणीच सांगेना झालंय म्हणून लिहिते.

गणित विज्ञानाची ट्यूशन गल्लोगल्ली आहे. आमच्या खानापूर भागातल्या मराठी शाळांतल्या पोरांचं घोडं अडतं ते कन्नडपाशी. २०१५ च्या कायद्यानंतर कन्नड सगळ्या शाळांत सक्तीचं झालं, ते बरंच झालं, राहायचं इथंच आहे. पण पोरगं बोलतं फटाफट आणि वाचताना थांबतं. बसस्टँडवर कंडक्टरशी भांडेल कन्नडमध्ये, पण बसवरची पाटी वाचायला दुसऱ्याला विचारेल. अडचण कुठं होते सांगू का, ओत्तक्षरात. मराठीत जोडाक्षर शेजारी शेजारी जोडलं जातं, कन्नडमध्ये दुसरं व्यंजन खाली लटकतं आणि काहींचा खालचा आकार मूळ अक्षरासारखा दिसतच नाही. अक्का, अप्पा जमतं कारण तेच अक्षर खाली येतं. राज्य, शास्त्र आलं की पोरगं वरचं वाचून खालचं सोडून देतं. चौथीपर्यंत हे बसलं नाही तर दहावीपर्यंत पाठांतरावर पास होतात आणि पुढं अर्जावरचे रकाने शेजाऱ्याकडून भरून घेतात.

एका मुलीनं स्कॉलरशिपचा अर्ज माझ्यासमोर भरला होता. जातीच्या रकान्यात वडिलांचा धंदा लिहिला आणि उत्पन्नाच्या रकान्यात जात, कारण दोन्हीकडं शब्द लांबलचक होते आणि तिनं पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधला. पहिल्या बाकावरची मुलगी हो.

म्हणून वर्ग काढायचा तर कन्नड वाचायचा काढा. पोरांबरोबर आयांनाही बसवा. संध्याकाळी साडेपाचला ठेवू नका, त्या वेळी मुली पाणी भरतात. शनिवारी दुपारी ठेवा, शाळा सकाळची असते.

पुण्यात_अडकलेला
अक्का, तुमचा प्रतिसाद माझ्या आईला वाचून दाखवला, तिनं फोन हिसकावून घेतला.

मी याच मंडळीत वाढलेला, आता हिंजवडीत. आमच्या कन्फर्मेशनच्या बॅचमधलं बेळगावात कोण आहे? बहुतेक पुणे, बेंगळुरू, दोघं गल्फला. लाइव्ह स्ट्रीमची मागणी आमचीच होती, कबूल, पण खरं सांगायचं तर मी ती उपासना भाजी निवडत ऐकतो. त्यापेक्षा आम्हाला काम द्या. निप्पाणीकर म्हणतात ते फॉर्मचं काम मी इथनं करू शकतो, कागद फोटो काढून पाठवा, मी रात्री साइटवर बघून सांगतो कुठं अडकलंय. महिन्याचं अर्पण पाठवतो ते वेगळं.

आणि एक वादाचं. कन्नड उपासना कधी? मंडळीतली पाचसहा घरं आता घरात कन्नडच बोलतात.

निप्पाणीकर
झालं. आता शंभर प्रतिसाद होणार.

जुना_मेथडिस्ट
शंभर नकोत, एकच गंमत सांगतो. लुथरन लोकांचा धर्मसुधारणेचा दिवस ३१ ऑक्टोबर. दुसऱ्या दिवशी १ नोव्हेंबर, १९५६ पासून बेळगावात त्या तारखेला काय होतं सांगायला नको. एका रस्त्यावर कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं महाराष्ट्रात जायचं म्हणणाऱ्यांच्या काळ्या दिनाची सायकल फेरी, मध्ये पोलीस. तुमच्या मंडळीत दोन्हीकडं जाणारी माणसं असणार आणि आदल्या दिवशी ती एकाच प्याल्यातनं प्रभुभोजन घेणार. हे तुम्ही इतकी वर्षं कसं सांभाळलंत तेच पाच वर्षांच्या आराखड्यात लिहा, बाकीच्या मंडळ्यांना उपयोग होईल.

कॅम्पातला
सांभाळलं म्हणजे, त्या आठवड्यात चहाच्या वेळी क्रिकेटवर बोलतो.

आंध्राचा_जावई
कन्नड उपासनेला घाबरायचं काय कारण? सीगेनबाल्ग १७०६ मध्ये तरंगमबाडीला उतरला, भारतात आलेल्या पहिल्या दोन लुथरन मिशनऱ्यांपैकी एक. आल्या आल्या प्रवचन नाही सुरू केलं. गावातल्या शाळामास्तरासमोर लहान पोरांच्या रांगेत बसून वाळूत बोटानं तमिळ अक्षरं गिरवली. नवा करार तमिळमध्ये छापून झाला १७१५ पर्यंत. आपल्या पंचांपैकी किती जणांना कन्नड वाचता येतं? अक्कांच्या वर्गात पहिली रांग पंच कमिटीची असू द्या, मी सगळ्यात पुढं.

अवांतर: लुथरन आणि मराठी हे नातं आपल्यापासून सुरू झालेलं नाही. तंजावरचे सरफोजी राजे भोसले, त्यांना लहानपणी सांभाळलं, शिकवलं ते श्वार्ट्झ या लुथरन मिशनऱ्यानं. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारला, त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले, आणि गुरूसाठी त्यांनी इंग्लंडच्या फ्लॅक्समनकडनं संगमरवरी स्मारक करवून घेऊन तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. राजा शेवटपर्यंत हिंदूच राहिला. गुरूनंही शिकवणं बंद केलं नाही. वाटसरूंच्या पहिल्या प्रश्नाला हे खरं उत्तर.

वाटसरू
तंजावरचं माहीत नव्हतं. ग्रंथालयामुळं सरफोजींचं नाव ऐकलेलं.

चिक्कोडी_एक्सप्रेस
सगळे बेळगाव शहरावरच बोलूलालेत. जरा उत्तरेकडं बघा. चिक्कोडी, रायबाग, अथणीत कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. नवरा बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल घेतलेली, कारखान्याजवळ रिकाम्या रानात कोप्या टाकून राहतात. पहाटे फडात, बरोबर मोठी पोरगी लहान भावाला सांभाळायला. सांच्याला बाई उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा चारा, विकून मीठमिरचीचं बघते. ती पोरं चारपाच महिने कुठल्याच शाळेत नसतात, तिकडं नाव असतं, इकडं कोण घेत नाही, आणि इकडची जवळची शाळा कन्नड. मराठी बोलणारी तुमची मंडळी आहे, मराठी शिकवणारं माणूस त्या कोप्यांवर कुणी नाही. विचार करा. पण बेळगावातनं रोज येणं जमणार नाही हेही सांगतो, स्थानिक माणूस पाहिजे.

दुसरं पुराचं. ऑगस्ट २०१९ ला कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा सगळ्या एकदम चढल्या. पाणी उतरल्यावर मदतीच्या गाड्यांची रांग लागली. आमच्या पाहुण्यांच्या घरात चादरी इतक्या झाल्या की ठेवायला कोरडी जागा नव्हती. प्रत्येक गाडीनं बॅनर धरून फोटो काढला. घरात मात्र गुडघाभर गाळ, आणि गाळ काढायला कोण नाही. धान्याच्या कणगीत कुजलेली ज्वारी, तिचा वास चार दिवस हातातनं जात नव्हता. कपाटातली कागदपत्रं चिकटून लगदा, सातबारा म्हणजे इकडच्या भाषेत उतारा, पोराचा शाळेचा दाखला, सगळं. त्या वेळी दहा पोरं फावडी, घमेली, एक पाण्याचा पंप आणि फिनेल घेऊन आली असती तर सोनं झालं असतं. चर्चची म्हणून नाही, पोरं म्हणून. तुमच्या फौंड्रीतल्या पोरांना जड कामाची सवय आहे. पंपाचा खर्च कन्व्हेन्शनच्या मंडपापेक्षा कमी.

सुवार्तिक_बंधू
मंडपावर सगळे घसरलेत म्हणून सांगतो, पुराच्या कामाला माझं नाव पहिलं लिहा. माझ्याकडं टेंपो आहे.

निप्पाणीकर
बंधू, टेंपो असलेला सुवार्तिक कुठल्याही मंडळीला पाहिजेच असतो.

वकीलबुवा
पैशाचं कुणी बोललं नाही. मृत्युपत्रात मावशींनी काय लिहिलंय ते आधी बघा. मंडळीच्या कामासाठी असं मोघम असेल तर बरं, इमारतीसाठी असं असेल तर बाकी सगळी चर्चा फुकट. आणि खात्यावर सह्या दोघांच्या तरी ठेवा.

आंध्राचा_जावई
दोघांच्या कशाला, चौघांच्या. १५२३ मध्ये सॅक्सनीतल्या लाइस्निग नावाच्या गावानं मंडळीचा सगळा पैसा एका सार्वजनिक पेटीत ठेवायचं ठरवलं, लुथरनं त्या नियमावलीला प्रस्तावना लिहिली. पेटीला चार वेगवेगळी कुलपं, एक किल्ली सरदारांकडं, एक नगरमंडळाकडं, एक नागरिकांकडं, एक शेतकऱ्यांकडं. त्यातनं पाळकाचा पगार, शाळा, गरिबांना मदत, कारागिरांना धंद्यासाठी उसने पैसे आणि इमारतीची डागडुजीसुद्धा. म्हणजे पत्रा विरुद्ध गरीब हे भांडण तिथं एकाच पेटीतनं मिटवलेलं. कागदावर. प्रत्यक्षात नगरमंडळानं देवस्थानाचे पैसे हातातनं सोडलेच नाहीत आणि लुथर चिडत बसला. पाचशे वर्षांपूर्वीची पंच कमिटीही आपल्यासारखीच.

आमच्याकडं चार किल्ल्या कुणाकडं द्यायच्या तर ज्येष्ठ, बायकांची संगती, तरुण आणि तेलुगू घरं. अशानं एकटा खजिनदार रात्री जागा राहणार नाही.

खानापूरची_अक्का
बायकांच्या संगतीला किल्ली देणार असाल तर हिशेबाची वहीही द्या. नुसती किल्ली नको.

कॅम्पातला
मध्ये दोन आठवडे गेले, माफ करा, गाळपाच्या आधी लग्नं असतात आमच्याकडं. सभा झाली परवा. मृत्युपत्र वाचलं, सुदैवानं मोघमच आहे. ठरलं ते सांगतो.

स्लॅब होणार नाही. पत्रे बदलायचे आणि मागची खोली नीट करायची, खाली शहाबादी फरशी, दोन खिडक्या मोठ्या. ज्येष्ठांपैकी तिघे अजून फुगून आहेत, त्यातले एक माझे सासरे, त्यामुळं रविवारचं जेवण सध्या गप्पच. कन्व्हेन्शन मैदानावर नाही, आपल्याच आवारात, एक संध्याकाळ, धर्मसुधारणा दिनाच्या जवळच्या रविवारी, बंधूंना सांगायला सांगितलंय, ते तयार आहेत आणि विषयही त्यांनीच काढलाय. खोलीत शनिवारी दुपारी कन्नड वाचनवर्ग, महिना वीस रुपये पावती फाडून, वकीलसाहेबांचा कागद त्यांनीच तयार करून दिला. मंगळवारी संध्याकाळी कागदपत्रांचं काम, तिथं पुण्याची पोरं ऑनलाइन. पंप आणि फावडी घ्यायची, टेंपो बंधूंचा, पोरांची नावं चौदा आलीत. खात्यावर चार सह्या, जावयांनी सांगितलेल्या चार जागांच्याच, आणि अक्का, वही संगतीकडंच राहील.

ऊसतोडीच्या कोप्यांचं नाही जमलं. वाईट वाटतं पण रोज अथणीला जाणारं कुणी नाही. चिक्कोडी एक्सप्रेस, तिकडं कुणी स्थानिक शिकवणारं मिळालं तर पगाराचा अर्धा भाग मंडळी देईल असा ठराव मात्र झालाय, तो कागद तुमच्या नावानं ठेवलाय. कन्नड उपासनेवर मतदान घेतलं नाही, पुढच्या इस्टरनंतर बघू असं म्हणून सगळ्यांनी चहा मागितला.

आता कन्नड शिकवणार कोण? आमच्यातले सगळे शिकणारेच आहेत.

चिक्कोडी_एक्सप्रेस
रायबागला माझ्या मावसबहिणीची नणंद डी.एड. करून घरी आहे. विचारतो. अर्धा पगार म्हणजे किती ते तेवढं लिहून पाठवा, नाहीतर मुकादमासारखं होईल.

वाटसरू
माझ्या पोरीची दहावी झाली, तिची कन्नडची सगळी पुस्तकं आणि चौथी ते सातवीची जुनीही आहेत, टाकून द्यायची होती. आणि बायको कन्नड माध्यमात शिकलेली आहे. ती येईल का नाही तिला विचारून सांगतो, पण दार उघडं ठेवणार म्हणालात ते लक्षात आहे.

खानापूरची_अक्का
येऊ द्या त्यांना, मला मदतच होईल. होय, मीच येणार आहे, खानापूरची सकाळची पॅसेंजर आहे आणि आता बायकांना बसही फुकट आहे, तेव्हा प्रवासखर्च देतो म्हणून कुणी माझ्या मागं लागू नका. एका वर्गात पंधराच्या वर मुलं घेणार नाही. पंचांनी बसायचं तर पाटी घेऊन बसायचं, मोबाइल बाहेर. पहिले दोन महिने फक्त अक्षर आणि ओत्तक्षर, धडा नाही, आयांनी तक्रार केली तरी नाही. आणि कॅम्पातले, तुम्ही फळ्याचा फोटो पाठवलात तो हिरवा फळा परत करा. मागच्या खोलीत दुपारी उजेड तिरका येतो, हिरव्यावर खडू दिसत नाही आणि ओत्तक्षर खाली बारीक लिहावं लागतं. काळा फळा घ्या, चार बाय सहाचा, आणि भिंतीला मुलांच्या उंचीवर लावा.